सहाशेच्या आधीचा गुरुवार

"धन्या, चिमट्यातनं घुंगरू सुटाय लागलंय रे."

सुकुमारआण्णा दुकानात शिरले ते हेच म्हणत. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा त्यांना सुटेना, म्हणून मीच पुढं होऊन सोडवला. मला त्यात काही वाटलं नाही. हुपरीहून कोल्हापूरपर्यंत वीस किलोमीटर सायकल हाणत आलेला माणूस, बोटं आखडली असतील, म्हटलं.

आण्णा म्हणजे सुकुमार गाट. हुपरी चांदीचं गाव, आणि आण्णांच्या घरात तीन पिढ्या पैंजणाचं काम. मोहरीपेक्षा जरासं मोठं घुंगरू चिमट्यात धरायचं आणि साखळीला असा डाग द्यायचा की जोड कुठं आहे ते भिंगानंही दिसू नये. त्या हाताची ख्याती पार राजस्थानपर्यंत. पण एक्कावन्नाव्या वर्षी ह्या माणसाला सायकलनं झपाटलं होतं, आणि त्याला जबाबदार मी.

राजारामपुरीत माझं सायकलचं दुकान आहे. विकण्यापेक्षा माझं नाव सायकल बसवून देण्यासाठी. माणसाला सायकलवर बसवायचं, गुडघ्याला ओळंबा लावायचा, खांदा, कोपर, कंबर मापायची आणि त्या मापानं सायकल जुळवायची. कुणाची पाठ दुखो, कुणाचा गुडघा, माझ्याकडं येऊन गेला की बरा. आमचा आख्खा सायकलचा ग्रुप मला डॉक्टर म्हणायचा आणि मी म्हणून घ्यायचो. शिक्षण विचाराल तर आयटीआय, फिटर.

"बघू हात," मी म्हटलं.

आण्णांनी दोन्ही तळवे पुढं केले. "करंगळीपास्नं सुरू झालं हुतं. आता सगळीच बोटं. मुंग्या येत्यात, मग बधिर. डावा जास्त."

"आण्णा, तीनशे केलासा, चारशे केलासा. तळव्याची नस हँडलवर दबती. सगळ्यांचं हुतंय ते. काढतो त्याचा बंदोबस्त."

आमच्या ह्या खेळात शर्यत नसते. ठरलेल्या वेळात अंतर कापायचं, बस्स. दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटर, चारही एका वर्षात केले की एक पदक मिळतं. पितळेचंच असतं, पण त्यासाठी माणसं घरदार विसरतात. आदल्या वर्षी आण्णांचे तीन टप्पे झाले आणि सहाशेला चाळीस तासांच्या मुदतीनंतर अठरा मिनिटांनी ते पोचले. अठरा! तिथंच रस्त्यावर बसून लहान पोरासारखे रडले होते. यंदा पुन्हा तीन झाले होते, आणि सहाशे दोन आठवड्यांवर आलं होतं.

सायकल त्यांची कार्बनची, लांबच्या पल्ल्याची. पाखरासारखी हलकी, आणि रस्त्याचा हादरा फ्रेममध्येच जिरवणारी. हाताची तक्रार सुरू झाल्यापासून मी तिला आणखी मऊ करत आणलं होतं. आधी हँडलवर जाड टेप, तीसुद्धा दुहेरी. मग हँडल दोन बोटं वर आणि जवळ घेतलं. मग पंचवीसची बारीक टायरं काढून बत्तीसची जाड बसवली, हवा कमी ठेवली. सीटखालची दांडी कार्बनची केली. दर वेळी आण्णा म्हणायचे, "लई फरक पडला बघ." आणि पंधरा दिवसांनी पुन्हा हजर.

"गिअर पण दबंना आता," ते म्हणाले. "बोटानं जोरच लागंना झालाय."

"मग इलेक्ट्रॉनिक गिअर टाकू. नुसतं टेकवलं बोट की पडतो. आन् ब्रेक तेलाचे, डिस्कचे. एका बोटानं सायकल जाग्यावर हुबी. फ्रेम दोन्हीला चालती. करू?"

आण्णांचे डोळे चमकले. "सहाशेच्या आदी हुईल?"

"हुईल म्हंजे? मी कशाला बसलोय हितं?"

जाताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावून मगच पाय उचलला. तेही मी बघितलं. बघितलं म्हणजे डोळ्यांनी.

दोन दिवसांनी पद्मावहिनी आल्या. आण्णांची बायको एकटी, एसटीनं, माझ्या दुकानात, असं कधी घडलं नव्हतं. हातात चिरमुऱ्याच्या लाडवांचा डबा. सायकल स्टँडवर उघडी पडलेली, तारा लोंबकळतायत, ते बघत त्या उभ्या राहिल्या.

"बसा की वहिनी. ह्ये काय, आण्णा न्हाई आलं?"

"त्यांना ठाऊक न्हाई मी आल्याली." त्या बसल्या नाहीत. "भावजी, त्यांच्या हातनं कपबशी पडती. परवा तिसरी. पायातली चप्पल निसटून मागं ऱ्हाती आन् त्यांना कळत न्हाई, तसंच पुढं जात्यात. आन् सदऱ्याची बटणं... साडेतीन म्हयने झालं, बटणं मी लावतोय."

आता ऐका मी काय म्हणालो ते. शब्द न् शब्द आठवतो, आणि आठवला की अजून तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

"वा वहिनी! म्हंजे ह्या वयात परेम वाढलंय म्हणा की!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"मिरजेला डॉक्टरांची वेळ घेतलीया. येत्या गुरुवारी, अकराला. मानेचा फोटो काढाय पायजे म्हणत्यात. ह्ये माझं ऐकंनात. तुमचं ऐकत्यात. तेवढं सांगा त्यांना, गुरुवारी जावा म्हणून. येवढंच मागणं हाय."

"सांगतो की," मी म्हटलं. "काळजी करू नगा. सायकलवाल्याचे हात बधिर हुणारच. नवं गिअर बसू दे, सदऱ्याची बटणं काय, तुमच्या पोलक्याचे हूक पण लावतील."

त्यावर त्या थोड्या लाजल्या, डबा ठेवला आणि गेल्या. मी लाडू खाल्ला आणि ब्रेकचं तेल भरायला घेतलं.

बुधवारी संध्याकाळी आण्णांचा फोन. आवाज लांबून, विहिरीतनं आल्यासारखा येत होता. मागं कुकरची शिट्टी झाली.

"धन्या, गाडी झाली का?"

"झाली. लोणी झालीया लोणी! शुक्रवारी या न्ह्यायला."

"उद्या मिरजेला जायाचं म्हणतीया ही. काय करू? तू सांग."

मला सांगायचं होतं, जावा म्हणून. खरंच. तोंडात आलं होतं. पण ती सायकल समोर उभी होती, तीन दिवस राबून केलेली. गिअर टिचकीसरशी पडत होता. असं देखणं काम मी जन्मात केलं नव्हतं. आणि आता कुणीतरी पांढरा कोट म्हणणार की दुखणं सायकलीत नव्हतंच. ते मला सोसलं नाही, हे आज कळतं. त्या वेळी मी फक्त बोललो.

"आण्णा, डॉक्टर कवा सायकलवर बसल्यात का? त्यांना एकच येतंय, बंद करा. उद्या गेलासा की फोटो काढणार, म्हयनाभर आराम सांगणार, गेलं सहाशे. पुन्यांदा वर्षभर थांबणार हायसा? दीड आठवडा ऱ्हायलाय. सहाशे हूं दे. नव्या गिअरनं फरक न्हाई पडला, तर मी स्वतः तुमास्नी मिरजेला न्हेतो. माझा शब्द."

मग आण्णा हसले. "डॉक्टर म्हणतोय तर बरोबर असणार," म्हणाले, आणि गुरुवारी मिरजेला न जाता घरी भट्टीपाशी चांदी गाळत बसले.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी पहाटे पाचला आम्ही अकराजण कोल्हापुरातून निघालो. निपाणी, बेळगाव, हुबळी, हावेरीच्या पुढं वळायचं आणि त्याच रस्त्यानं माघारी. मी आण्णांच्या सोबतीला राहिलो. आण्णा काय चालवत होते म्हणता! धारवाडच्या चढाला दोन जवान पोरांना मागं टाकलं. "गाडी न्हाई रे, पाळणा हाय पाळणा," म्हणत होते. मी फुगून गेलो होतो.

हावेरीत बिस्किटाचा पुडा त्यांना फुटेना. दातानं ओढून बघितला, मग माझ्यापुढं धरला. मी फोडून दिला. परतीला अधूनमधून एक हात सोडून ते मान तोलून धरायचे. लांब पल्ल्याला मान दुखतेच, माझीही दुखत होती. ज्याला त्याला माझ्याकडं उत्तर तयार होतं.

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही संकेश्वरला पोचलो. साठ किलोमीटर उरले होते आणि हातात तब्बल सात तास. रमतगमत गेलो असतो तरी पदक खिशात. चहासाठी हायवे सोडून सर्व्हिस रोडला लागलो. वेग काही नव्हता. पुढं गतिरोधक होता, पट्टे पुसलेला, काळ्यात काळा.

"आण्णा, सावकाश! पुढं उंचवटा!"

"ब्रेक लाग..." एवढंच ऐकू आलं.

पुढचं चाक आपटलं, आण्णा हँडलवर आदळले, हनुवटी बसली, मान मागं गेली आणि ते सायकलसकट हळूच आडवे झाले. दोन वर्षांचं पोर पडावं तसं. रक्त नाही, काही नाही. मला हसू आलं.

"काय आण्णा! सहाशे करत आलासा आन् चहाच्या गाड्याफुडं लोटांगण?"

"सायकल..." आण्णा म्हणाले. "आदी सायकल बघ रे. तडा न्हाई न्हवं?"

आमच्यात ही रीतच आहे. पडलेला सायकलवाला आधी सायकलीची चौकशी करतो. त्यात कार्बनचं असं की लोखंड वाकतं ते दिसतं, कार्बन आतनं फुटलं तर वरनं कळत नाही. म्हणून नाण्यानं ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर धड, बद्द आला तर आत चीर. मी सायकल उचलली, दोन रुपयांचं नाणं काढलं आणि बोट बोट अंतरावर ठोकत, कान लावून ऐकत बसलो. वरची नळी, खालची नळी, मागचे दोन्ही फाटे. किती वेळ? दोन मिनिटं असतील. चार असतील.

"टकाटक हाय आण्णा! ओरखडासुदीक न्हाई!"

वळून बघितलं तर आण्णा पडले होते तसेच पडलेले. नजर माझ्याकडं.

"धन्या," ते म्हणाले, "माझा हात कुठं हाय बघ जरा. मला गावंना झालाय."

हात त्यांच्या छातीवर होता.

मग मी ते केलं जे अजिबात करायचं नसतं. काखेत हात घालून त्यांना ओढून बसवलं. मान एका बाजूला कलली. चहावाला ओरडला, "अहो, हलवू नका त्यांना!" त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मिरजेच्या दवाखान्यात बाईडॉक्टर होत्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. मानेचा फोटो त्यांनी दिव्यावर लावला. वहिनी पलंगाच्या उशाला, मी पायथ्याशी.

"मानेत नस दबत आलेली आहे. आजची नाही, पाच-सहा महिन्यांची," त्या म्हणाल्या. "ज्या पोकळीतून ती जाते तीच अरुंद झाली होती. चांगला माणूस असा पडला असता तर कपडे झटकून उठला असता. ह्यांच्या नसेला तेवढा झटका सोसला नाही. हातानं बारीक कामं जमत नव्हती का आधीपासून? बटणं वगैरे?"

"साडेतीन म्हयने," वहिनी म्हणाल्या. "न्हाई, आता चार."

"गाट ना? तुमची माझ्याकडे वेळ होती की! दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी. त्या दिवशी आला असता तर मी घरीसुद्धा सोडलं नसतं. ऑपरेशन केलं असतं, तीन महिन्यांत कामाला लागला असता. आता ऑपरेशन करूच, पण हात परत येतील असं सांगू शकत नाही. का आला नाहीत?"

आण्णांची मान दोन्हीकडून उशांनी आवळलेली, त्यांना छताशिवाय काही दिसत नव्हतं. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण आवाज आला.

"लग्नसराईची आर्डर हुती म्याडम. मीच म्हटलं, नंतर बघू."

मी गप्प बसलो. वाचा बसली होती म्हणावं तर तेही खोटं. वाचा चांगली होती, हिंमत नव्हती.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं थोडी हलायला लागली, आणि तिथंच थांबलं. पाय आले नाहीत. आण्णांच्या चिमट्याला गंज चढला, भट्टी विझली, कारागीर दुसऱ्याकडं गेले. ती सायकल माझ्या दुकानात टांगलेली आहे. बत्तीसची टायरं, इलेक्ट्रॉनिक गिअर, एक ओरखडा नाही. गिऱ्हाइकं विचारतात, विकायची का? मी नाही म्हणतो आणि विषय बदलतो. डॉक्टर म्हणणाऱ्यांवर एकदोनदा इतका खेकसलो की ते नाव ग्रुपमधून गेलं. एकटे आण्णा अजून म्हणतात.

दर रविवारी मी हुपरीला जातो. पहिल्या वर्षी सगळा ग्रुप यायचा, केळी, नारळपाणी, फोटो. मग निम्मे आले, मग सणासुदीला.

ह्याला आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला.

"भावजी, नवी खुर्ची आलीया चाकाची. पाठीला टोचती म्हणत्यात, डाव्या कोपराला पण. रविवारी येताना तुमची ती मापाची टेप आणा की."

मी टेप घेतली, ओळंबा घेतला, स्पॅनर घेतले. आण्णा अंगात नुसती बंडी घालून नव्या खुर्चीत बसले होते. खूप वाळलेत आता.

"ये डॉक्टर," म्हणाले. "बसव मला नीट. कम्फर्ट पायजे बघ. लांबचा पल्ला हाय अजून."

मी खाली बसून गुडघा मापला. कंबर मापली, खांदा मापला. पाठीचा टेका दोन बोटं मागं घेतला, पायाच्या पट्ट्या खाली केल्या. खुर्चीच्या दांड्यांवर हँडलची टेप गुंडाळली, जाड, दुहेरी. मग त्यांचा डावा हात उचलून तिच्यावर ठेवला आणि विचारलं,

"बधिर वाटतंय का आण्णा कुठं?"

आण्णा खो खो हसले. "आता इचारतोय व्हय रे?"

थट्टाच होती ती. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, देवाशपथ सांगतो. पण माझ्या हातातला स्पॅनर फरशीवर पडला आणि मला उचलता येईना.

वहिनी इस्त्रीचा सदरा घेऊन आल्या होत्या. त्यांनी आण्णांच्या बाह्या चढवल्या आणि वाकून खालनं बटणं लावायला सुरुवात केली. एक, मग दुसरं.

"वहिनी," मी म्हटलं. "त्या गुरुवारी आण्णा मिरजेला गेलं न्हाईत, ते आर्डरीमुळं न्हवं."

"धन्या, गप," आण्णा म्हणाले.

"मी सांगितलं त्यांना. बुधवारी फोनवर. मीच म्हटलं, जाऊ नगा. तुम्ही दारात येऊन येवढं मागितलं हुतं, आन् मी..."

"गप म्हणतोय न्हवं मी!"

वहिनींचे हात थांबले नाहीत. तिसरं बटण लागलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

आण्णांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती वळत नाही, तरी केला.

"फोन हातात धराय येत न्हवता त्यांना. पडायचा. फळीवर ठिवून, आवाज मोठा करून बोलायचे. मी कुकरपाशीच हुतो. तुमचा शब्द न् शब्द ऐकला. लई राग आल्ता. वाटलं, फोन हिसकून घ्यावा. पर ह्यांचं तोंड बघितलं, सहाशे म्हटल्याबरूबर फुलल्यालं. म्हटलं, दीड आठवडा तर हाय." त्यांनी चौथं बटण लावलं. "तवा मी पण गप बसलो भावजी."

"मग आठ वर्सं... येका शब्दानं बोलला न्हाईसा मला?"

"काय बोलू? पैल्या वर्साला ह्या दारात चपला मावत न्हवत्या. आता रविवारचा येक जोड असतोय. तुमास्नी बोललो असतो, तर त्यो पण गेला असता."

आण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात नव्हता. वहिनींनी पदरानं पुसलं. गळ्याचं बटण लावलं, कॉलर सारखी केली, आणि दोन पावलं मागं सरून खुर्चीकडं बघितलं.

"डावी बाजू अजून टोचणार बघा," त्या म्हणाल्या. "टेप तिथं कमी बसलीया."

मी गुडघ्यावर बसलो, आण्णांचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला आणि डावीकडची टेप सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.